मातीच्या घराचे पाठभेद

साहित्याच्या अभ्यासकाला घराची समीक्षा करण्याचा अधिकार काय, असा प्रश्न या लेखाचे शीर्षक वाचून काही वाचकांच्या मनात उभा राहील, आणि तो अप्रस्तुत आहे असे म्हणता यावयाचे नाही. घर हा स्थपतीचा विषय. भार, उतार, मोजमाप यांचे ज्ञान ज्याला आहे त्यानेच त्याविषयी बोलावे, हा संकेत सर्वमान्य आहे. परंतु घर एकदा बांधून झाले, त्यात एकामागून एक माणसे राहून गेली, कोणी एखादी पडवी वाढविली, कोणी एखादे दार बुजविले, कोणी माजघराचे दोन भाग केले, की त्या घराची अवस्था जुन्या पोथीसारखी होते. मूळ कोणते, मागाहून पडलेली भर कोणती, ती कोणी घातली, तिने मूळचा अर्थ वाढला की बिघडला, हे प्रश्न तेथेही उपस्थित होतात. असे प्रश्न विचारण्याची सवय साहित्याच्या लोकांना इतरांपेक्षा अधिक असते. तेवढ्या अधिकारावर प्रस्तुत लेख लिहिला आहे.

मराठीत तर ही सवय फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरलेले पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी एकनाथांच्याही पूर्वीची म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, आणि मूळ ज्ञानेश्वरी कोणती हा वाद नव्याने सुरू झाला. या दोन्ही प्रयत्नांच्या मुळाशी एकच श्रद्धा आहे. मागाहून चढलेली पुटे दूर केली म्हणजे खरा शब्द हाती लागतो, ही ती श्रद्धा होय. ग्रंथाच्या बाबतीत ती बव्हंशी योग्यच आहे. घराच्या बाबतीत ती कितपत लागू पडते, हे पाहावयाचे आहे. आणि त्यासाठी मी जे घर निवडले आहे ते आमच्या आदिलाबादेहून फार दूर नाही. पैनगंगा ओलांडून उत्तरेस गेले की यवतमाळ जिल्ह्यापलीकडे वर्धा लागते, आणि वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरांवर सेवाग्राम आहे. तेथील बापू कुटी हे ते घर.

या कुटीकडे वळण्यापूर्वी इंग्लंडातील एका शेतघराचा आणि त्याच्याशी निगडित अशा एका वादाचा थोडक्यात परिचय करून देणे आवश्यक आहे. कारण जुन्या घरांविषयीचा आधुनिक विचार त्या वादातून निघाला, आणि त्याचा एक धागा थेट सेवाग्रामपर्यंत येऊन पोचतो. ऑक्सफर्डशायर परगण्यात टेम्स नदीच्या वरच्या काठी केल्म्स्कॉट नावाचे खेडे आहे. तेथे सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका सधन शेतकरी कुटुंबाने चुनखडी दगडाचे एक घर बांधले. पुढच्याच शतकात त्याला एक नवा भाग जोडण्यात आला. मॅनॉर हे भारदस्त नाव त्याला फार पुढे चिकटले. मुळात ते शेतकऱ्याचेच घर. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस याने ते १८७१ मध्ये भाड्याने घेतले, आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १८९६ पर्यंत, त्यावर जीव लावला. ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ या आपल्या कादंबरीची आवृत्ती त्याने १८९२ मध्ये स्वतःच्या मुद्रणालयात छापली, तेव्हा तिच्या आरंभी चित्र घातले ते याच घराचे. मॉरिसच्या लेखी या घराचे मोल एखाद्या थोर स्थपतीच्या कर्तृत्वामुळे नव्हते. जवळचा दगड, गावचे गवंडी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सावकाश पडलेली भर यांतून ते जणू त्या भूमीतूनच उगवले आहे, असे त्याला वाटे.

त्या काळी इंग्लंडात जुन्या चर्चांच्या जीर्णोद्धाराची लाट आली होती. मधल्या शतकांतील सारी भर खरवडून टाकावयाची आणि इमारतीला तिचे ‘मूळ’ मध्ययुगीन रूप नव्याने घडवून द्यावयाचे, अशी ती रीत. जॉन रस्किनने १८४९ मध्येच ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात हिच्यावर कठोर टीका केली होती. असा जीर्णोद्धार म्हणजे इमारतीचा नाश होय, तिची नीट निगा राखली तर जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही, असे त्याचे म्हणणे. मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन केले आणि त्याच्या जाहीरनाम्यात हाच विचार व्यवहाराच्या भाषेत मांडला. त्याचा आशय असा की, मूळ रूप शोधू नका. गळणारे छप्पर वेळीच शिवा, झुकलेल्या भिंतीला टेका द्या, आणि रोजच्या निगराणीने क्षय दूर ठेवा. हा ‘रोजच्या निगराणीचा’ मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

रस्किनचे आणखी एक पुस्तक, ‘अन्टू धिस लास्ट’, १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधीजींच्या हाती पडले. त्याचा परिणाम म्हणून त्यांनी फिनिक्स येथे शेतीवर वस्ती उभारली आणि १९०८ मध्ये त्या पुस्तकाचा सारांश ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत लिहिला. म्हणजे एकाच गुरूचा एक शिष्य दगडी शेतघराच्या रक्षणाकडे वळला, तर दुसरा नव्या शेतवस्तीच्या उभारणीकडे. फिनिक्सची घरे मात्र पन्हाळी पत्र्याची होती. पत्र्यापासून मातीपर्यंतचा प्रवास गांधीजींनी पुढच्या तीस वर्षांत केला, आणि तो शेगाव या खेड्यात पुरा झाला.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगावला आले. जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतील हे गाव. विदर्भातील प्रसिद्ध शेगावशी नामसाम्य असल्यामुळे टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये त्याचे नाव सेवाग्राम करण्यात आले. येथे घर बांधावयाचे तर शंभर रुपयांच्या आत, जवळ मिळणारे साहित्य वापरून आणि गावच्याच माणसांच्या हातून, अशी गांधीजींची अट होती. आदर्श खेड्यातील घरे पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याची असावीत, हा विचार त्यांनी १९३७ च्या आरंभी ‘हरिजन’ पत्रात मांडला. लॉरी बेकर हा इंग्रज स्थपती पुढे भारतात स्थायिक झाला आणि केरळात त्याने स्वस्त व सुंदर घरे बांधली; त्याने आपल्या कामाचे सूत्र म्हणून हाच विचार सांगितला आहे.

शेगावात प्रथम उभे राहिले ते ‘आदि निवास’. एक मोठे दालन आणि सभोवार पडवी. त्या एका दालनात गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे, आजारी, सारेच राहात. ज्याला आपण ‘बापू कुटी’ म्हणून ओळखतो, ती मात्र बापूंसाठी बांधलेलीच नव्हती. मीराबेन यांनी ती स्वतःसाठी आणि पिंजण-कताईच्या कामासाठी बांधली होती. आदि निवासातील गर्दी वाढली तेव्हा गांधीजी तेथे राहावयास आले, आणि मग त्यांच्या गरजेप्रमाणे कुटीत भर पडत गेली.

येथे समीक्षकापुढे कर्तृत्वाचा प्रश्न उभा राहतो. मीराबेन म्हणजे मॅडेलिन स्लेड. इंग्लंडच्या आरमारातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याची ही कन्या १८९२ मध्ये जन्मली. सरे परगण्यात डॉर्किंगजवळ आजोळचे मिल्टन हीथ नावाचे घर होते, त्याच्या बागेत आणि गोठ्यांत तिचे बालपण गेले. १९२५ मध्ये त्या भारतात आल्या. अशा बाईंनी वऱ्हाड-नागपूरच्या शेतकऱ्याच्या घराचा घाट निवडावा, कुडाच्या व मातीच्या भिंती, लाकडी खांब, बांबूचे वासे आणि वर कवेलू अशी रचना करावी, हे मला लक्षणीय वाटते. इंग्लंडच्या खेड्यांतील जुनी घरे ज्या तत्त्वाने झाली, ते तत्त्व त्यांनी येथे राखले. तेथील रूप मात्र आणले नाही. मॉरिसच्या काळी कलकत्ता-मुंबईत बांधणाऱ्या अनेक इंग्रजांना जे सुचले नाही, ते मीराबेनना सुचले. आतल्या भिंतींवर त्यांनी मातीनेच उठाव देऊन झाडे, मोर आणि ओंकार काढले. या घरातील अलंकार म्हणावयाचा तो एवढाच. आणि तोही बाहेरून आणून चिकटवलेला नाही, भिंतीच्याच मातीचा आहे. काव्यात ज्याला आपण रसाशी एकजीव झालेला अलंकार म्हणतो, तो असाच असतो.

तेव्हा कुटीच्या मूळ पाठाच्या कर्त्या मीराबेन आणि शेगावचे अनाम कारागीर. गांधीजी हे तिचे संपादक. अट घालणारे, मर्यादा आखणारे, आणि पुढे आपल्या राहण्याने तिचा अर्थ पालटून टाकणारे संपादक. नाव संपादकाचे लागले आणि कर्ती मागे पडली, असे साहित्यातही घडते. त्यात अन्याय आहे खरा. तरीही संपादकाचे श्रेय त्यामुळे नाहीसे होत नाही. कारण या घराचे पुढे जे झाले ते त्याच्या दृष्टीमुळेच झाले.

आता फेरफारांकडे वळू. कुटीच्या आणि तिच्या भोवतीच्या घरांच्या वाढीचा क्रम पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रत्येक नवी भिंत कोणा एका माणसासाठी उभी राहिली आहे. कुटीत आजाऱ्यासाठी जागा झाली, कारण गांधीजींना रुग्ण नजरेसमोर हवे असत. न्हाणीघर प्रशस्त झाले, कारण स्वच्छतेला ते जेवणाइतकेच महत्त्व देत. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित. त्यांना कुष्ठरोग झाला होता. १९३९ च्या सुमारास ते आश्रयास आले, तेव्हा आश्रमाच्या परिसरातच त्यांच्यासाठी कुटी झाली, आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. जमनालालजींनी आपल्यासाठी म्हणून बांधलेल्या घरात गांधीजी सेवाग्रामातील शेवटच्या काळात प्रकृतीच्या कारणाने राहिले, आणि ते घर ‘आखरी निवास’ झाले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या कारकिर्दीत दिल्लीशी बोलता यावे म्हणून दूरध्वनी आला, तोही कुटीत न बसविता शेजारच्या कार्यालयात ठेवण्यात आला. संपादकाची शिस्त यालाच म्हणावे. कालाची गरज नाकारली नाही, परंतु तिला मूळ पाठात घुसूही दिले नाही. जणू ती समासात नोंदविली.

या साऱ्या फेरफारांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘बा कुटी’चा. आदि निवासाच्या मूळ कल्पनेत एक उणीव होती, आणि ती आदरापोटी झाकण्याचे कारण नाही. सर्वांनी एका दालनात राहावे हा विचार तत्त्व म्हणून उदात्त असेल; पण पुरुषांच्या सततच्या राबत्यात एका वयस्क स्त्रीला क्षणभर पाठ टेकण्यास आडोसा नसावा, ही त्या रचनेतील गैरसोय होती. कस्तुरबांची ती अडचण जमनालालजींच्या ध्यानी आली, आणि त्यांनी बांसाठी वेगळी कुटी बांधवून दिली. मूळ पाठ पवित्र मानून त्यात बदल नको म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. येथे मूळ पाठ अपुरा होता आणि मागाहून पडलेल्या भरीने तो पुरा झाला. अशा भरीला प्रक्षेप म्हणता येत नाही.

इव्हान इलिच या पाश्चात्त्य विचारवंताने जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथे केलेल्या भाषणात या कुटीतील जागांची गणना केली आहे. पादत्राणे काढून मन तयार करावयाची जागा, एका मोठ्या कुटुंबास पुरेल एवढी मधली खोली, गांधीजींची बैठक, पाहुण्यांची खोली, आजाऱ्यांची खोली, उघडी पडवी आणि न्हाणीघर, अशा सात. ज्यात मनुष्य केवळ सामान ठेवतो अशी वास्तू आणि ज्यात तो नांदतो असे घर यांत त्याने भेद केला. तो भेद मार्मिक आहे. परंतु या सात जागांना आपल्या भाषेत आधीच नावे आहेत, याची जाणीव त्या परदेशी पाहुण्याला असणे शक्य नव्हते. ओसरी, माजघर, बैठक, पडवी, न्हाणी या शब्दांत प्रत्येक जागेचा आचार सांगितलेला आहे. ओसरीवर परक्याने बसावे, माजघरात घरच्याने यावे. शब्द उच्चारला की रीत समजते. कुटीचे थोरपण नव्या शोधात नाही. जुन्या घराचे व्याकरण तिने नेमके ओळखले आणि त्यात जे अनावश्यक होते ते वगळले, यात ते आहे.

२५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी सेवाग्रामहून निघाले, ते परत आले नाहीत. येथे कुटीचे एक आयुष्य संपले. पहिली दहा वर्षे हे घर माणसांच्या गरजेने बदलत होते; त्यानंतरची जवळजवळ आठ दशके ते आहे तसे राखले जात आहे. यावर कोणी असा आक्षेप घेईल की, गरजेप्रमाणे बदलणे हेच ज्या घराचे तत्त्व, ते स्थिर करून ठेवणे म्हणजे त्या तत्त्वाचाच भंग नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. दगडी घराच्या बाबतीत त्याला उत्तर देणे कठीण जाईल. मातीच्या घराच्या बाबतीत मात्र उत्तर त्या मातीतच आहे.

दगड एकदा रचला की मनुष्य दूर गेला तरी तो शतके उभा राहतो. म्हणून केल्म्स्कॉटच्या घरात जुना पृष्ठभाग हाच पुरावा. तो खरवडला की पुरावा गेला. मातीचे तसे नाही. मातीची भिंत एका पावसाळ्यात धुपते, भेगाळते. शेण-मातीचे सारवण पुन्हा पुन्हा द्यावे लागते, वाळवी लागलेला वासा बदलावा लागतो, माकडांनी फोडलेली कवेलू पावसाळ्यापूर्वी फेरावी लागतात. काही वर्षांत भिंतीवरचा मूळचा थर म्हणून काही उरतच नाही. तरीही घर तेच असते. याचा अर्थ असा की, मातीच्या घराची परंपरा पोथीची नव्हे, ती मौखिक परंपरा आहे. जात्यावरच्या ओवीची मूळ प्रत कोठे आहे, असे कोणी विचारीत नाही. ती दर पहाटे नव्याने गायिली जाते, गाणारीगणिक एखादा शब्द बदलतो, पण ओवीचा घाट ढळत नाही, आणि म्हणूनच ती टिकते. मातीच्या घरात खणांची संख्या, आढ्याची उंची, पाख्याचा उतार, वळचणीची रुंदी हा तो घाट होय. माती हा केवळ त्या दिवशीचा आवाज. मॉरिसने ज्याला रोजची निगराणी म्हटले, ते इंग्लंडातील दगडी घराला पथ्य म्हणून सांगावे लागले. येथे ते सारवण या नावाने घराच्या रचनेतच अंतर्भूत आहे. म्हणून सेवाग्रामची कुटी स्थिर राखली तरी ती मृत होत नाही. तिला स्थिर ठेवण्यासाठीसुद्धा हात मातीत घालावे लागतात.

यावर एक प्रतिवाद प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. हे नित्य सारवण करणार कोण? आमच्याकडील खेड्यांत ते स्त्रियांनी केले आहे. शेतावरून परतल्यावर पोतेरे, सणावाराला सारवण, पावसाळ्यापूर्वी लिंपण. शिवाय गळती, विंचूकाटा आणि साप या मातीच्या घराच्या उणिवा काही कविकल्पना नाहीत. ज्या बाईने चाळीस वर्षे भिंती लिंपल्या, तिला विटा-सिमेंटची खोली सुखाची वाटली, तर तिला सौंदर्यदृष्टीचा उपदेश करणे हा उद्धटपणा ठरेल. शहरात पक्क्या घरात बसून मातीच्या घराचे स्तोत्र गाणाऱ्या लेखनाचा मला कंटाळा आहे, आणि हा लेख त्यात मोडू नये अशी इच्छा आहे. याही बाबतीत सेवाग्रामचा दाखला उपयोगी पडतो. तेथे झाडणे, सारवणे, संडास साफ करणे ही कामे स्त्रियांची म्हणून राखून ठेवलेली नव्हती. आश्रमवासी स्त्री-पुरुष ती करीत. निगराणी हे मूल्य असेल तर तिचा भार वाटून घेतला पाहिजे. तो एकाच्या माथी मारून परंपरेचा अभिमान बाळगता येणार नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो, कारण या साऱ्या चर्चेचे प्रयोजन तेथे आहे. आदिलाबाद जिल्हा निजामी राज्यात होता तेव्हापासून मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दू या भाषांचा शेजार त्याने अनुभवला आहे. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे गेले. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. परंतु सीमा कोठूनही गेली तरी घराचा घाट दोन्ही काठांवर एकच राहिला. बांबूचा कूड, त्यावर मातीचे लिंपण, सागाचे खांब, कवेलूचे छप्पर. गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या इंग्रज पत्नी बेट्टी एलिझाबेथ आमच्या भागातील मार्लवाई या गोंड गावी झोपडीत राहिले. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, आणि १९४८ मध्ये ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ निघाला. १९८७ मध्ये वारलेल्या बेट्टी एलिझाबेथ यांची समाधी मार्लवाईतच आहे. सेवाग्राममध्ये मीराबेन आणि मार्लवाईत बेट्टी एलिझाबेथ, अशा दोन इंग्रज स्त्रियांनी जवळपास एकाच काळी आमच्या मुलखातील मातीची घरे आपली मानली. आम्ही मात्र त्याच घरांना ‘कच्ची’ म्हणतो.

या शब्दाचा विचार शिक्षकांनी अवश्य करावा. जनगणनेत मातीची भिंत तात्पुरत्या साहित्यात मोडते. १९८५ मधील इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना यांचे उद्दिष्टच कच्च्या घराच्या जागी पक्के घर देणे हे आहे. गरिबाला टिकाऊ निवारा मिळावा याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु कच्चा म्हणजे न पिकलेला, अपुरा. ज्या घरात तीन पिढ्या जन्मल्या त्याला अपुरे म्हणणे हा वर्णनाचा शब्द नाही, तो निकाल आहे; आणि तो निकाल मुलांच्या कानी पडतो, तेव्हा त्यांना आपल्या आजीच्या हातांची लाज वाटू लागते. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ अशी आपली म्हण आहे. आज वासे राहिलेले नाहीत, आणि म्हणीचा अर्थ वर्गात फळ्यावर चित्र काढून सांगावा लागतो. आढे, पाखे, वळचण, दिवळी, कोनाडा हे शब्द वस्तूंबरोबर जात आहेत. भाषेच्या शिक्षकाला ही हानी परकी वाटू नये.

फेरफार होणारच, ते व्हावेतही. प्रश्न असा की बरा फेरफार कोणता आणि वाईट कोणता हे ठरवावयाचे कसे. सेवाग्रामच्या घरांवरून मला तीन कसोट्या सुचतात. भर घालावयाची ती राहणाऱ्याच्या खऱ्या गरजेतून यावी, दिखाव्यासाठी नसावी. घर राहणाऱ्यालाच दुरुस्त करता यावे; निगराणी त्याच्या हातून काढून घेतली जाऊ नये. आणि घराचे माप माणसाचे असावे. सेवाग्रामातील कुटी जमिनीवर बसणाऱ्याच्या मापाची आहे. तेथे उभ्याने वावरणाऱ्या पाहुण्याला बसल्यावाचून घर कळत नाही.

या कसोट्या लावल्या म्हणजे आमच्या गावांतील फेरफारांविषयी नेमके बोलता येते. मातीच्या जाड भिंतींत खिडकी मोठी केली, धूर जाण्यास वाट केली, संडास-न्हाणी बांधली, जोते दगडाचे करून ओल तोडली, हे फेरफार चांगले आहेत. त्यांनी पाठ पुरा होतो, बा कुटीने झाला तसा. परंतु मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा फासला जातो, तेव्हा दिसायला घर पक्के होते आणि आतून ते कच्चे होऊ लागते. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती सोडू देत नाही. ओल आत कोंडते, माती सुटते, आणि चार-सहा पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे मातीसकट गळून पडतात. मग भिंतच निकामी ठरवून पाडली जाते. अर्थ न समजता पोथीत घातलेल्या शब्दाने ओवी मोडावी, तसा हा प्रकार आहे. कवेलू काढून घातलेल्या पत्र्याचेही तेच. पाऊस थांबतो खरा, पण मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो, तेव्हा दुपारी त्या घरात थांबवत नाही. आणि मग ज्या पडवीने आसरा दिला असता ती खोली वाढविण्याच्या भरात आधीच बुजविलेली असते.

आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांना मी एक अभ्यास देत आलो आहे. आपल्या किंवा शेजारच्या जुन्या घराचा आराखडा काढावयाचा, किती खणी ते मोजावयाचे, प्रत्येक भागाचे नाव घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारून मराठीत, आणि घरी बोलली जात असेल तर तेलुगूत वा गोंडीतही लिहावयाचे, आणि कोणती भिंत कधी व कोणासाठी बदलली याची नोंद करावयाची. भिंत कधी बदलली हे मुले विचारतात, तेव्हा उत्तर बहुधा वर्षात मिळत नाही. ते लग्नात, बाळंतपणात, वाटणीत, दुष्काळात मिळते. घराचे पाठभेद म्हणजे कुटुंबाचा इतिहास, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. परिषदेच्या सभासदांपैकी जे शाळांतून काम करतात त्यांनी हा प्रयोग आपापल्या गावी करावा, आणि जमलेले शब्द व आराखडे परिषदेने एकत्र करावेत, अशी सूचना मी येथे नम्रपणे करतो. सीमेवरील मराठीच्या बोलींचा अभ्यास करणाऱ्यांनाही हे साहित्य उपयोगी पडेल.

सेवाग्रामची कुटी पाहण्यास आपण विद्यार्थ्यांच्या सहली नेतो. तेथे त्यांना चरखा दाखवितो, बैठक दाखवितो, साधेपणावर दोन शब्द सांगतो आणि परत येतो. त्याऐवजी ती भिंत कोणी बांधली, कोणासाठी वाढविली आणि आज तिला सारवते कोण, हे प्रश्न विचारावयास लावले, तर ते घर थोर पुरुषाची स्मृती एवढेच न राहता वाचता येण्याजोगा ग्रंथ होईल. आणि एकदा ते घर वाचता आले की आपल्या गावचे घर वाचता येईल. ज्याला आपले घर वाचता येते, तो ते बदलतानाही विचाराने बदलेल. आणि मातीच्या घरांच्या बाबतीत रक्षणाचा याहून टिकाऊ उपाय मला तरी दिसत नाही.